खडू पांढराच राहिला

खडूचा वास आला की लिंबागणेशच्या वाटेवरची ती पत्र्यांनी झाकलेली विहीर आठवते. दुष्काळात शहराचे टँकर कुठं भरायचे हे ठरवायला मी खडू लावलेली टेप सोडून, खडू कुठवर भिजला ते बघत विहिरींचं पाणी मोजत फिरत होते. "पाणी दिसलं की टँकर लावताल. न्हाई मोजू द्यायची!" विहिरीच्या मालकीणबाईंनी बजावलं. मीही तापलेल्या कठड्यावर ठाण मांडलं. शेवटी वैतागून त्यांनीच पत्रा सरकवला. टेप तळाला टेकून वर आली, पण खडू भिजलाच नव्हता. "उद्या पोरासाठी पाव्हणे येणार हायत," त्या हळूच म्हणाल्या, "कोरड्या हिरीच्या घरात पोरगी कोण देतंय?" शहर टँकरची वाट बघत होतं, खोटं लिहिलं तर टँकर इथून रिकामेच परतले असते; मी वहीत 'कोरडी' असंच लिहिलं. मग पाव्हण्यांना तळ दिसू नये म्हणून दोघींनी मिळून पत्रा परत विहिरीवर ओढला. आज तशी वेळ आली तरी खरं लिहिणं आणि पत्रा ओढणं, दोन्ही कामं करीन.