यादीत लिहिलंय एक, चाललंय भलतंच!

एका टीव्हीसमोर आठ दिवस बसलं तर किती किस्से साठावेत? पोतं भरेल, राव!

एक होतं गाव, नारायणगावापासून जीपनं दहा मिनिटांवर. तिथं होती एक सासू, एक सून आणि दोघींच्या मधोमध एक टीव्ही. सून म्हणजे सुनंदा, सासू म्हणजे मी. बसायला शेजारचे दगडूभाऊ, लेण्याद्रीला डोली उचलणारे. आणि जुन्नरहून बांगड्यांची पेटी घेऊन येणाऱ्या शकीलाभाभी.

त्या आठवड्यात टीव्ही बंद म्हणून झाला नाही. कारण सुनंदाची टोमॅटोची रोपवाटिका. घेणाऱ्यानं ऐन वेळी नाही म्हटलं, आणि शेडभर रोपं ट्रेमध्ये तशीच उभी. आठ दिवसांत गेली नाहीत तर जून होऊन उकिरड्यावर! एक चॅनेलवाले शूटिंग करून गेले होते. "खाली तुमचा फोन नंबर दाखवू," म्हणाले. कधी दाखवणार, ते कुणाला ठाऊक! मला वाचता येत नाही. कार्यक्रमांच्या यादीत काय लिहिलंय ते सुनंदा वाचायची, आणि आम्ही वाट बघायचो.

*

पहिल्याच दिवशी सुनंदानं वाचलं, "लाइव्ह! लेण्याद्रीचं दर्शन." मी हात जोडले. बघते तर पायऱ्यांवर दगडूभाऊ डोली घेऊन घामाघूम! आणि दगडूभाऊ माझ्या शेजारी बशीतून चहा पितायत.

"भाऊ, तुमी हितं, मग तिथं कोन?"

भाऊंनी पडद्याकडं नीट बघितलं. "मीच हाय की! बरं झालं आत्या, आज सुट्टी घेतली तरी काम चालू हाय!"

*

दुसऱ्या दिवशी भाभींच्या सिरियलवर लिहिलं होतं "शेवटचा भाग". भाभींनी धंदा सोडला, पेटी बंद केली, नायिका मेली तेव्हा अख्खा पदर भिजवला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच नायिका हळदीला बसलेली!

भाभी उठून उभ्याच राहिल्या. "अगं बये, माझं कालचं रडणं परत दे!"

*

मग घरी पावणं आले, सुनंदाच्या माहेरचे, लई सोवळे. त्यांच्यासाठी मुद्दाम "कौटुंबिक चित्रपट" लावला. मध्यंतरापर्यंत आजा गेला, दोन काका गेले, नवरदेव विहिरीत.

मी विचारलं, "पावणं, बंद करू का?"

"ऱ्हाऊ द्या," पावणं म्हणाले. "कुटुंब व्हतं खरं. आता निस्तं कुत्रं उरलंय, त्याचं काय व्हतंय ते बघू!"

*

शुक्रवारी सुनंदा ओरडली, "आत्या, आज हाय! दोनला, शेतीच्या कार्यक्रमात!"

दोनला सगळे बसलो. लागली कुस्ती! पाच मिनिटं, दहा मिनिटं, कुस्तीच. सुनंदा उठून शेडमध्ये गेली, रोपांना पाणी मारत राहिली.

मी रिमोट घेतला. मला अक्षर नाही, मी आपली चित्रं बघत बटणं दाबत गेले. आणि एकदम आमचंच शेड! आमचेच ट्रे! माझं हिरवं लुगडं नेसलेली सुनंदा!

"सुनंदे, पळ!"

ती ओल्या हातानं धावत आली, वाचलं आणि मटकन खाली बसली. "आत्या, वर लिवलंय ‘आजची झणझणीत भाजी’! आता कोन शेतकरी बघनार?"

तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा. सगळ्या बायाच! मंचरहून, ओतूरहून. संध्याकाळी अंगणात जीपा लागल्या. दोन दिवसांत शेड मोकळं झालं. राहिले दहा ट्रे. त्यांच्यासाठी डिंभ्याहून एका बाईचा फोन आला.

"ताई, धा ट्रे आमाला ठेवा, रान तयार हाय. पर एक सांगा, मी वही घेऊन बसले व्हते. भाजीत कांदा कवा टाकायचा ते तुमी सांगितलंच न्हाई!"

सुनंदानं हसू पदरात दाबलं. "ताई, आधी रोपं तर लावा. कांद्याचं तोडणीला बोलू!"