चौदा नंबरचा फोन

सोमवार, नऊ तारीख. आमच्या शाळेच्या ऑफिसात मी इंटरनेटवरून फोन चालवणारा गेटवे बसवला. पेटी भिंतीला लावून वायरी जोडायला अर्धा तास पुरला. वेळ गेला तो कुठल्या टेबलावरून कुठवर फोन लागेल, हे भरण्यात. त्यासाठी जुन्या एक्स्चेंजची वही समोर ठेवली होती. वही एक्स्चेंज सांभाळणाऱ्या शोभाताईंची, अक्षरही त्यांचंच. चौदा नंबरपुढे लिहिलं होतं, 'बाहेरगावचे कॉल बंद.'

चौदा नंबर माझा.

लेक नाशिकला हॉस्टेलवर होती ती दोन वर्षं मी समजत होते, माझी लाइन खराब आहे. रोज दुपारी शोभाताईंच्या टेबलाशी जायचे. "ये गं, माझ्याकडून लाव. तुझ्या फोनला कुणाचा शाप आहे कोण जाणे," म्हणत त्या खुर्ची सरकवायच्या आणि शेजारीच बसून राहायच्या. मी लेकीशी हळू आवाजात बोलायचे. संक्रांतीला पहिला तिळगूळ शोभाताईंना द्यायचे.

फोन बंद ठेवला याचं एवढं नाही. पण माणूस उपकाराखाली हवा असेल तर आधी त्याची सोय काढून घ्यावी लागते, हे मला या वयात एका वहीतून कळलं. पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी चौदा नंबर सगळीकडे खुला केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताईंनी विचारलं, "काय गं, झाला का तुझा फोन नीट?"

"तो बिघडलाच नव्हता," म्हटलं, आणि वही त्या पानाशी उघडून त्यांच्यासमोर ठेवली.