दुपारच्या चहाचे घारगे

सोमवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सचिवांनी रोजच्या तळणाला बंदी घातली. बुधवारी अध्यक्षांनी समोरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराची खिडकी पत्र्याने बंद करवली. दोघेही जबाबदार आहेत. उपविधींत असा अधिकार कोठेही नाही.

त्या बाईंचे नाव मला ठाऊक नाही. डक्टपलीकडून मी त्यांना रोज दुपारी पाहत असे. भोपळ्याचे गोड पीठ त्या दुधाच्या कापलेल्या पिशवीवर थापत, अलगद तेलात सोडत आणि घारगा फुगला की मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत.

“आजी, हॉटेल काढलंय का?” सचिवांनी जिन्यात टोमणा मारला. त्या नुसत्या हसल्या. ते गेल्यावर घरातल्या यजमानांकडे बोट करून मला म्हणाल्या, “भाऊ, ह्येंका माजा नावसुद्धा आठवना नाय. पण घारग्यांचो वास इलो की आपणच चायक येवन बसतत.”

काल मी त्यांच्या दारात गेलो. धूर कोंडतो म्हणून कढई उतरवली होती. टेबलावर दोन कप चहा निवला होता आणि यजमान आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

अध्यक्ष व सचिव यांनी सर्वसाधारण सभेत, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: त्या गृहस्थांना आता चहाला कोणत्या हाकेने बोलवायचे?