तळ्याकाठचा मान

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, कन्हेरीत कालव्याच्या पाण्यानं खारवून चोपण पडलेल्या एकुलत्या तुकड्यात तळं खोदून रोहू सोडले. मासे जगले तर जमीन राहणार होती; नाहीतर घरातल्या मेंढरांमागोमाग तीही विकावी लागणार होती.

माशांना घालायला शेंगदाणा पेंड परवडेना. तात्या बारामतीच्या खानावळींतून उरलेला भात, भाकरी, भाजीची देठं सायकलवर आणत. बाजारातून सुक्या मासळीची मुंडकी मिळत. सगळं वाळवायचं, जात्यावर दळायचं, शिजवून कुरडयांच्या सोऱ्यातून पाडायचं. सोऱ्या अर्थातच काकूंचा.

"आता कुरडया बी तळ्यावरच बसून खावा," काकू म्हणाल्या.

"मासं निदान नावं तरी ठिवत न्हाईत."

तात्यांचा नेम कडक होता. खाद्य ताटात घालून पाण्यात सोडायचं. सकाळचं उरलं तर दुपारी उपास. "उरल्यालं कुजतं, पानी नासतं. मेंढरू वरडतं तरी. मासा गप मरतो."

मी इंदापूरला एका कचेरीत कारकून होतो. कौतुकानं मीच साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांचं यायचं ठरलं, तसा मांडव पडला, कर्णा लागला. साहेबांनी तळ्यात मूठभर खाद्य टाकलं. मग सरपंचांना वगळणं शक्य नव्हतं. सरपंचांनी टाकल्यावर माजी सरपंच कसे राहणार? मानाचा क्रम चुकू नये म्हणून कर्ण्यावर नावं मीच पुकारत होतो.

बादली धरून उभे असलेले तात्या हळूच म्हणाले, "बास कर आता."

"तात्या, पाव्हण्यांना असंच कसं धाडायचं?"

त्यांनी बादली पुढं केली. आठवड्याचं खाद्य तासाभरात पाण्यात गेलं.

दिवसभर आभाळ भरलेलं होतं; ऊन नसल्यानं पाण्यातली हवा आधीच कमी झालेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. हवा मिसळावी म्हणून तात्या छातीभर पाण्यात उभं राहून बांबूनं पाणी बडवत होते. मीही उतरलो. उन्हं वर आली तेव्हा तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं.

"तात्या, माझं चुकलं."

"तुझं न्हाय. बादली माझ्या हातात हुती."

जमीन त्याच उन्हाळ्यात गेली. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी मलाच बोलावलं.