पाठमोरी रम्या

चेन्नईतल्या अंबत्तूरला गुरुराज रावांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी आणि पासपोर्टचे फोटो यांवर घर चालायचं. घराणं तंजावरचं, घरात जुनी मराठी आणि तमिळ एकाच वाक्यात नांदायची. एकुलती एक रम्या तिसरीत असताना डेंग्यूनं पाहता पाहता गेली.

त्यानंतर त्यांची बायको कनका बोलेनाशी झाली. एका सकाळी मात्र फिल्टर कापीचा पेला हातात धरून ती आपणहून म्हणाली, "अहो, काल रम्या आली होती. समुद्रावर झोपाळा होता. वर छत नाही, कडी नाही. मजेत झोके घेत होती."

तिचा आवाज ऐकून गुरुराज तिच्याजवळ येऊन बसले. सांत्वन करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. फोटो तेवढे काढता येत. शेजारची शर्मिष्ठा रम्याच्याच वयाची; तिच्या आईला विचारून त्यांनी शर्मिष्ठेला रम्याचं हिरवं परकर-पोलकं घातलं आणि घरातल्या झोपाळ्यावर पाठमोरं बसवलं. चेन्नईजवळच्या कोवलमच्या लाटा टिपून आणल्या आणि संगणकावर दोन्ही फोटो एकात एक मिसळले.

कनकानं फोटोवरून हात फिरवला. "अशीच! अगदी अशीच बसली होती."

मग रोज ती स्वप्न सांगायची आणि ते फोटो करायचे. पाण्यानं भरलेल्या बसमध्ये खिडकीशी रम्या. स्वयंपाकघरात उगवलेल्या केळीखाली रम्या. चेहरा अर्थातच कुठंही नाही. पेरुंगुडीच्या एका कॅफेत प्रदर्शन भरलं. "स्वप्न कुठं संपतं ते कळतच नाही," असं म्हणून लोक गुरुराजांचा हात हातात घेत. जन्मभर त्यांना कुणी कलावंत म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते नवा शर्ट घालून गेले होते.

प्रदर्शनानंतर एका सकाळी कनकानं कापीला हात लावला नाही.

"आली नाही का?" त्यांनी विचारलं.

"आली होती. पाठ करून बसली होती. किती हाका मारल्या, वळलीच नाही." तिनं भिंतीवरच्या फोटोंकडं पाहिलं. "हल्ली वळतच नाही हो. आधी हसायची. पडलेल्या दाताची फट दिसायची."

भिंतीवरचे सगळे फोटो गुरुराजांनी एकेक करून उतरवले, कपाटातून जुना अल्बम काढला आणि शाळेच्या गणवेशातली, खळखळून हसणारी रम्या कनकापुढं धरली.

कनकानं त्या फोटोवर बोट ठेवलं. "हिला ओळखते की मी," ती हळूच म्हणाली. "ही गेली. स्वप्नात येत होती ती निराळी होती."

गुरुराजांना तिच्याकडं बघवेना. अल्बम तिच्या मांडीवर तसाच उघडा राहिला.

तसले फोटो त्यांनी पुन्हा काढले नाहीत. कनका आता दुपारची आडवीही होत नाही. डोळा लागतोय असं वाटलं की उठून तोंडावर पाणी मारते. गुरुराज म्हणतात, "जरा पड गं."

"पडून काय करू? पुन्हा तिची पाठच बघायची?" ती विचारते.