रंगावर कसलेली वायर
जळक्या वायरचा वास आला की मला आमची जुनी मोटार आठवते. अकोल्यात आयटीआय करून आल्यावर मी तिच्या रेडिएटरचा पंखा थेट बटणावर जोडला होता, आणि मे महिन्यात ते बटण वितळलं. त्याच आठवड्यात धामणगावहून बहिणीचा नवरा आला. त्याने कडुनिंबाखाली बॉनेट उघडून रिले बसवला. "आता सगळा लोड रिलेवर. बटण गरम होत नाही," तो म्हणाला. बाबा माझ्याकडे वळले. "पाह्य, काम असं राह्यते." माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात मला दिसलं, की त्याने अर्थिंगची वायर रंग न खरवडताच बॉडीला कसली होती; रंगावर करंट नीट पोचत नाही, धक्के बसले की तुटतो. ओठांवर आलं होतं, पण मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी डिक्कीत वांगी भरून आम्ही तिघं पातूरकडे निघालो, आणि वाटेत पंखा बंद पडून इंजिन उकळलं. रेडिएटरचं झाकण उघडताना बाबांचं मनगट भाजलं. आता याला बोलणी बसणार, म्हणून मी वाट पाहत होतो. बाबा मनगटावर फुंकर घालत मऊ आवाजात म्हणाले, "होते असं, जवाईबापू. मनाले लावून घेऊ नका." मी रंग खरवडून वायर पुन्हा कसली आणि पंखा फिरला. "इतक्या लवकर कसं सापडलं तुले?" बाबांनी विचारलं. "आत्ताच दिसलं," मी म्हणालो. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे. पण बाबांच्या मनगटावरचा डाग दिसला की मला आधी त्यांचा तो मऊ आवाज आठवतो, आणि माझं खोटं नंतर.