तानपुऱ्याची ओळ

शशीकाका गेल्याचं मला सुमनकाकूंच्या फोनवरून कळलं. मी छापखान्यात उभी राहून एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "बाय, काका गेले गो," काकू म्हणाल्या. "गाणं लावून बसले होते. टेप संपून मशीन खटकन बंद झालं तरी उठले नाहीत, म्हणून बाहेर येऊन बघितलं." शेजारी छपाईचं यंत्र धडधडत होतं आणि मी त्या धडधडीच्या मात्रा मोजत होते. चार, चार, चार... रडू नंतर आलं. हे मोजायचं वेड काकांनीच लावलेलं. आज दीड महिना झाला, तरी पाण्याचा पंप चालू झाला की मी आधी मोजते.

मी लोटे गावच्या कारखान्यांजवळ वाढले. बाबा कामगार संघटनेत होते, आणि आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. "कामगार बंधूंनो" हे मी वाचलेले पहिले शब्द. गाणं म्हणजे मोर्चात एकत्र म्हणायचं ते. शास्त्रीय संगीत ही सरदारांनी लोडाला टेकून केलेली चैन आहे, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी छापूनही टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी कारखान्यातल्या आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणावर लिहीत होते. कुणीतरी सांगितलं, रत्नागिरीत मांडवीजवळ एक मूळचे दाभोळचे गृहस्थ राहतात, सगळी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यांना भेट. मी वहीत वीस प्रश्न लिहून त्यांच्या दारात उभी राहिले. शशीकाकांनी वही हातात घेतली, प्रश्न वाचले आणि वही बाजूला ठेवून दिली. "सांगतो सगळं. पण कान कसे गेले ते सांगायचं, तर ते कशासाठी हवे होते तेपण सांगायला लागेल ना? बस."

त्यांनी एक तबकडी लावली. परदेशी रॉक बँड, आणि तबकडीची अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं! मी मनात म्हटलं, झालं, श्रीमंत पोरांचा गोंगाट. पण ते गाणं साधं सरळ चालेचना. आधी नुसती बासरी, मग तिच्याखालून बास गिटार वर आली, मग ड्रम असे घुसले की वाटलं सभेत कुणीतरी माइक हिसकावून घेतला. सगळं चढत गेलं, कोसळलं, शांत झालं, आणि पहिली धून पुन्हा आली ती वेगळेच कपडे घालून. मी पायाने ठेका धरायला बघत होते आणि दर वेळी चुकत होते. काका हसले. "अगो, पाय कशाला आपटतेस? चारात नाय बसायचं ते. सात हायत." त्यांनी टेबलावर बोटं वाजवली... ती ती ना, धी ना, धी ना. "रूपक. आमच्या दाभोळच्या भजनात मी तबल्यावर हेच वाजवायचो. जहाजावर एका गोऱ्याने मला हेच ऐकवलं, आणि मी भर समुद्रात ओरडलो, अरे, हे तर आमचं हाय!"

त्या दिवशी मी वीसपैकी एकही प्रश्न विचारला नाही. घरी जाताना सबंध रस्ताभर सातात चालत होते, आणि दोनदा अडखळले.

मग रविवारची दुपार त्यांची झाली. काकांकडे तसल्या तबकड्यांचा एक कप्पा होता आणि मी अधाशासारखी ऐकत सुटले. पाच मात्रांची गाणी, अकरा मात्रांची गाणी, मध्येच चर्चमधला ऑर्गन. काकांना यातलं बरंच अजून कळायचं, कारण खालचे जाड आवाज त्यांच्या कानात शिल्लक होते. स्पीकरवर तळवा ठेवला की बाकीचं हाताला समजायचं. गेले होते ते वरचे बारीक आवाज. आणि तिथेच त्यांचं दुखणं होतं. कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी होत्या. रजेवर आले की गावोगावच्या बैठकांना जाऊन त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रण केलेलं, दुसरीकडे कुठेही न मिळणारं. "हे माझ्या हातातून निसटत चाललंय," ते एकदा म्हणाले. "तू ऐक आणि मला सांग."

मी भांडले. हे दरबारातलं संगीत आहे वगैरे सगळं ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "दरबार गेला, गाणं राहिलं. आता ते कुणाच्या घरात ठेवायचं ते तुम्ही ठरवा. ऐकल्याशिवाय ठरवणार कशी?" पुढच्या रविवारी मी ऐकायला बसले.

जहाजावर चार तासांची पाळी संपली की काय काय घडलं ते लॉगबुकात लिहून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं असतं. काकांनी गाण्यासाठी तशीच वही केली. डावीकडे वेळ, उजवीकडे जे ऐकू आलं ते. प्रत्येक पानाच्या वर "तानपुरा" अशी एक ओळ ते मोकळी सोडायचे. ती मी भरायची, कारण तानपुरा त्यांना अजिबात ऐकू यायचा नाही. माझी पहिली नोंद अशी होती : "३.३५. गायिका पाच मिनिटं एकच शब्द म्हणत आहे. निष्कर्ष : वेळेचा अपव्यय." काका इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बाय, हे गाणं हाय की आरोपपत्र? निष्कर्ष नको. कानाला काय आलं तेवढंच लिही." यमन तर संध्याकाळचा राग, दुपारी साडेतीनला कसा लावता, असं मी एकदा कुठलंसं ज्ञान पाजळलं, तर म्हणाले, "जहाजावर घड्याळ रोज बदलतं. आत्ता कुठेतरी संध्याकाळ असेलच की."

निष्कर्ष न काढता ऐकणं मला फार जड गेलं. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक चमत्कार झाला. कॅसेटमधल्या गायिका बाई "सा" लावून थांबल्या होत्या आणि तानपुऱ्यातून एक सूर तरंगत वर आला, जो कुणी छेडला नव्हता आणि कुणी गातही नव्हतं. मी ओरडले, "काका, आणखी कुणीतरी आहे इथे!" ते खुर्चीतून ताडकन उठले. "आला? गंधार आला?" जणू बोटीवरून आपलं माणूस उतरताना दिसलं. तारा नीट जुळल्या की तो आपोआप उमटतो, हे त्यांनी मला नंतर समजावलं. त्यांनी तो ऐकल्याला कितीतरी वर्षं झाली होती. मला मात्र तो ऐकू आला होता, आणि मी त्यांना तो सांगू शकत होते! मी वहीत तीन उद्गारचिन्हं काढली. त्यांनी ती खोडली नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच गायिकेची बैठक रत्नागिरीत झाली. काका माझ्या शेजारी, मी मांडीवर वही घेऊन त्यांच्यासाठी नोंदी करतेय. बाईंनी आमच्या कॅसेटमधलाच यमन घेतला आणि मी चक्रावले. लय केवढी चढी! आवाजही वरचा. मध्यंतरात मी सरळ तबलजींना गाठलं. "आज लय का पळवलीत?" ते बघतच राहिले. "पळवली? ताई, याहून सावकाश वाजवायचं तर मला दोन मात्रांच्या मध्ये चहा पिऊन यायला लागेल." मग त्यांनी आमच्या टेपबद्दल चौकशी केली आणि हसत म्हणाले, "बेल्ट सैल झालाय तुमच्या टेपडेकचा. सगळं हळू आणि खाली उतरलेलं ऐकताय."

मला हसू आलं नाही. जो माणूस इंजिनाचे चार फेरे कमी पडले तर झोपेतून उठायचा, त्याला वर्षभर स्वतःच्या घरातलं मशीन मंदावलेलं कळलं नव्हतं. हे त्यांना सांगायचं म्हणजे कान किती गेलेत तेच सांगायचं. आणि ज्या वहीवर ते विसंबून होते ती सगळी चुकीची होती. मी चार दिवस गप्प बसले. सत्य दडपणं हा गुन्हा आहे असं पत्रकात ठळक अक्षरांत लिहिणारी मी... पाचव्या दिवशी जाऊन सांगून टाकलं. काकूंनी हातातली भाजी निवडणं थांबवलं. मग काका म्हणाले, "मला नाय कळलं ना?" मी मान हलवली. आणि एकदम त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे यातलं आपण अजून काहीच ऐकलेलं नाय! सगळं पहिल्यापासून ऐकायला मिळणार! स्क्रूड्रायव्हर आण गो."

नवा बेल्ट बसला, नवी वही उघडली, आणि आम्ही पहिल्या कॅसेटपासून पुन्हा सुरुवात केली. जुनी वही त्यांनी टाकू दिली नाही. "चुकीची पाळीपण पाळीच असते," म्हणाले. ज्या ताना मला आधी लोळत चाललेल्या वाटायच्या, त्या आता विजेसारख्या लखलखून जायच्या, आणि मी लिहिता लिहिता ओरडायची. काका माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी शेवटी ते गाणं तिथेच ऐकत होते, असं मला वाटतं.

अजून निम्माही कप्पा ऐकून व्हायचा होता.

परवा रविवारी काकूंनी बोलावलं. "मशीन ने तू," म्हणाल्या. मी म्हटलं, इथेच राहू दे, मी येईन. त्यांनी चहा टाकला आणि मी काकांची खुर्ची सोडून माझ्या जागेवर बसले. वही डेकवरच होती. शेवटच्या पानावर काकांचं ठसठशीत अक्षर, ते गेले त्या दुपारचं. "३.१०. विलंबित सुरू. तबल्याचा बायाँ तळव्याला स्पष्ट." त्याखाली काही नाही. आणि वर, नेहमीसारखी, मोकळी सोडलेली ओळ.

कॅसेट डेकमध्ये तशीच होती, शेवटापर्यंत गेलेली. मी ती मागे नेली. काकू कप घेऊन दारात थांबल्या. बाईंनी "सा" लावला, मी पेन उघडलं आणि वाट बघितली... मग "तानपुरा" या शब्दापुढे लिहिलं, "ऐकू येतोय, काका. गंधारासकट."